ओळख न देण्याचा शब्द

दौंडच्या स्टेशनामागच्या गल्लीत मी एड्सविरोधी पत्रकं वाटायचो, तेव्हा तिथं धंदा करणाऱ्या एका बाईनं मला सुरुवातीलाच बजावलं होतं. "बाहेर कुठं दिसले तर वळख द्यायची न्हाई. तुमी न्हाई, मी न्हाई." तिची मुलगी शिरूरला वसतिगृहात शिकत होती. आई कंपनीत स्वयंपाक करते, एवढंच तिथं माहीत. खरं कळलं असतं तर पोरीला कोणी ठेवून घेतलं नसतं. मी शब्द दिला. द्यायला काय जातं? दौंड कुठं, शिरूर कुठं. मधे आमचं न्हावरं आहे, हे डोक्यातच आलं नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी घरी आलो तर दारापुढं जीप, मागचं चाक बसलेलं. फाट्यावरचा पंक्चरवाला चाक खोलत होता. ओट्यावर आबांशेजारी आमच्या भागातले एक संचालक बसले होते. पतसंस्था, शाळा, देवस्थान, जिथं खुर्ची तिथं हे. आम्ही जागृतीच्या सभेसाठी समाजमंदिर मागितलं, तर याच माणसानं, असली घाण आपल्या तालुक्यात न्हाई, असं सांगून आम्हाला हाकललं होतं. उन्हात उभे दिसले म्हणून आबांनी त्यांना हाताला धरून आणलं होतं.

दारात गाडी बंद पडलेल्या माणसाला आमच्याकडं चहाशिवाय सोडत नाहीत, आणि बाईमाणसाला तर ओट्यावर बसूच देत नाहीत, सरळ आत नेतात. "मंडळी हाईत बरोबर," असं संचालक बोलून गेले होते. ऑफिसातल्या बाई म्हणाले असते तर चहावर भागलं असतं. मंडळी म्हटल्यावर आईनं ओटीचं ताट काढलं.

मी पाणी प्यायला आत गेलो. आईसमोर पाटावर ती बसली होती, दौंडच्या गल्लीतली. डोक्यावर पदर, गळ्यात मंगळसूत्र. भिंतीकडं पाहावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. मग कपातला चहा बशीत ओतला.

मी तांब्या तोंडाला लावला. बाहेर जावं आणि विचारावं, साहेब, ही कुठल्या तालुक्यातली? वाक्य जिभेवर होतं. पण त्याच्याकडं बोट दाखवायचं तर ते तिच्यावरून जाणार होतं. आबांच्या कानावर गेलं की बाजारच्या दिवशी शिरूरला पोचलंच. हा माणूस दोन दिवस तोंड चुकवील, तिसऱ्या दिवशी कुठंतरी हार घालून घेईल. पोरीची पेटी मात्र वसतिगृहाच्या दाराबाहेर.

तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज आला. "वहिनींचं म्हायेर कवठं येमाई न्हवं? कुणाच्यातल्या?"

आबांचा हा नादच. माणूस दिसलं की गाव, भावकी, मामा काढत कुठं तरी सोयरीक लावायची, आणि लागेपर्यंत सोडायचं नाही.

"आमची भन तिथंच दिलीया. नाव सांगा, घर सांगतो."

संचालक खोकले. कवठं कुठल्या रस्त्याला लागतं, हेही तिला माहीत नसणार. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, काय ते देव जाणे.

"अवं, वटी भरताना बाईला बोलाया लावू नगा," आई आतूनच म्हणाली. "पाव्हण्यास्नी इचारा की. सासुरवाडी त्यांची हाय."

मग संचालकांनी सासऱ्याचं, मेव्हण्याचं नाव घडाघडा सांगितलं. आबांना धागा सापडला. "म्हंजी तुमी आमचं जावईच की." ओट्यावर हशा झाला. आत आईनं तिला कुंकू लावलं, पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. ती पाया पडायला वाकली ती लवकर उठेना. आईनं खांद्याला धरून उठवलं.

निघताना संचालक मला म्हणाले, शिकलेलं पोरगं, पत्रकं वाटत काय हिंडतोस, पतसंस्थेत चिकटवून देतो. ती जीपमध्ये समोर बघत बसली होती. शेवटपर्यंत वळली नाही.

आबा पंक्चरवाल्याकडं गेल्यावर आई ताट घासत म्हणाली, "त्याची बायकू चांगली उंच हाय. संक्रांतीला म्या वाण दिलंय तिला."

मग ओटी कशाला भरलीस, मी विचारलं.

"घरात आल्याली बाई. तशीच लावून देऊ?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "तांब्या रिता झाला तरी पीत व्हतास तू. कवापासनं वळखतोस, ते मी इचारीत न्हाई. आबांना सांगू नगंस. त्येंच्या पोटात ऱ्हात न्हाई."

मी भडकलो. तो सुटला, वर जावई होऊन गेला, हा कुठला न्याय? हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. आईला तसं तोंडावर म्हणालो.

तिनं ताट भिंतीला टेकवून ठेवलं.

"त्याला पुन्यांदा ह्या घरात च्या न्हाई," ती म्हणाली. "ती आली तर मिळंल."