झोपा आधी, गाडी मागून

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ज्यांना लागू पडते त्यांना पडो. कुंडलच्या जिनदत्त अण्णांनी झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, आधी केला आणि गाडी मागून आणली.

अण्णांची सगळी नोकरी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून गेली. त्यांच्या स्टोअरमधून कधी एक नट चोरीला गेला नाही. खरं सांगायचं तर मागायला आलेल्यालाही तो सहजी मिळाला नाही. ऐन गळीत हंगामात मशीन बंद पडून फिटर दारात उभा राहिला, तरी अण्णा आधी म्हणायचे, "जुना आण दाखवायला." माल वापरासाठी असतो हे त्यांना कधी पटलंच नाही. भरलेलं स्टोअर बघितलं की त्यांचं पोट भरायचं. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर पांढरी मोटार घेतली, तेव्हाच तिच्या पत्रिकेत प्रवासयोग नाही हे गावाने ओळखलं.

परड्यातला गोठा बैल विकल्यापासून रिकामा होता. गाडी यायच्या आधीच अण्णांनी त्याला लोखंडी दार बसवलं, दाराला कुलूप घातलं, बाहेरच्या फाटकाला दुसरं. गाडीच्या स्टिअरिंगला आडवा दांडा लावला. बैलांची साखळी मागच्या चाकातून ओवून दावणीच्या खुंट्याला जखडली. वर खोळ, बोट लागलं तरी बोंबलणारा भोंगा, आणि छताला कॅमेरा. त्या कॅमेऱ्यात आजवर फक्त अण्णाच दिसले होते. राखणीला कुत्रंही आणलं. पण घर पडलं जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणारं. कुत्र्यालाही तोच नियम लागला. दिवेलागणीआधी दूधभाकरी चापून ते जे आडवं व्हायचं, ते ऊन अंगावर आल्यावरच उठायचं.

शेजारच्या अर्जुनाची तऱ्हा उलटी. त्याच्या मोटारसायकलची किल्ली कायम गाडीलाच. गल्लीत ज्याला नड लागेल त्याने ती न्यावी, पेट्रोल घालून आणून लावावी, असा रिवाजच पडला होता.

"किल्ली तरी काढत जा रं," अण्णा त्याला म्हणायचे. "एखाद्या दिवशी चोर नेईल."

"नेऊ द्या की अण्णा. पर त्याला आदी ती जाग्यावर घावली पायजे!"

अण्णांच्या पत्नी चंपाबाई नव्या गाडीत एकदाच बसल्या होत्या, पूजेच्या दिवशी. गिरी पार्श्वनाथाच्या डोंगरापर्यंत गाडी गेली. तिथं त्या एकट्याच वर चढल्या. अण्णांनी गाडीपाशी उभं राहून खालूनच हात जोडले. देव काय, तो कुठं पळून जात नव्हता.

आता गाडीला काळजी फक्त उंदरांची होती. गोठ्यात शेंगांची पोती होती, शेजारी खोळीखालची उबदार गाडी. उंदरांना आणखी काय हवं? राजरत्नचं पलूसला गॅरेज होतं. त्याने विष घालायला सांगितलं, तर अण्णा उसळले.

"आमी किडामुंगी मारत न्हाई, आन तू इख घाल म्हंतोस व्हय?"

"मग रोज एक चक्कर तरी मारा. फिरत्या गाडीत उंदीर बिऱ्हाड करत न्हाई."

"आन बाहीर काढली की चोराच्या नजरंत आलीच म्हण की!"

त्यापेक्षा अण्णांनी पिंजरा आणला. सापडलेला उंदीर ते ओढ्याकाठी नेऊन सोडत, तेही चालत. ओढ्याकाठी गाडी लावायला बंदिस्त जागा कुठं होती? उंदीर बहुधा त्यांच्या आधी घरी पोचत असावा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना लेकीचं डोहाळजेवण ठरलं.

ब्राह्मी ही अण्णांची एकुलती एक लेक. कोयनानगरला दिलेली. जावई सन्मती तिथंच धरणाच्या वसाहतीत राहणारा. चंपाबाईंनी विहीणबाईंना फोनवर सांगून टाकलं, "औंदा आमी आमच्या गाडीनंच येतोय." आजवर त्या लेकीकडं गेल्या त्या एसटीने, पिशव्या सांभाळत, घाटाच्या वळणांनी गरगरत. एकदा तरी लेकीच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरावं, एवढीच त्यांची हौस होती. त्या हौसेपायी त्या महिनाभर अण्णांच्या मागे लागल्या होत्या. अण्णांनी जावयाला फोन करून गाडी लावायची जागा बंदिस्त आहे का ते विचारलं. सन्मती म्हणाला, "मामा, इथं तुमची गाडी हलवली तर भूकंपच हलवंल. या निवांत." अखेर अण्णा कबूल झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी चंपाबाई पहाटेच न्हाऊन, जरीची साडी नेसून तयार. हिरवी साडी, नारळ, फळं, लेकीला आवडतात म्हणून केलेले तिळाचे लाडू, सगळं पायरीवर मांडून ठेवलेलं. अण्णांनी फाटक उघडलं, दार उघडलं, साखळी सोडली, खोळ काढली, दांडा काढला. मोठ्या मानाने आत बसून किल्ली फिरवली. गाडी मुकी. पुन्हा फिरवली, तर नुसता भोंगा बोंबलला. कुत्रंसुद्धा उठून बसलं, म्हणजे बघा.

राजरत्न आला. त्याने बॉनेट उचललं आणि मागे सरून म्हणाला, "अण्णा, हितं कुळ बसलंय."

इंजिनाच्या बाजूला खोळीच्या चिंध्यांचं, वायरींच्या कातरणाचं, शेंगांच्या टरफलांचं नीटस घरटं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं वळवळत होती, आणि त्यांच्यावर पसरून त्यांची आई. भोंग्याला ती हलली नव्हती, माणसांना बघूनही हलेना.

"वायरी खाल्ल्यात समद्या," राजरत्न म्हणाला. "हे काढून टाकतो. सांजपतोर गाडी चालू करून देतो."

"हात लावू नगंस!" चंपाबाई पुढं आल्या. "डोळंबी उघडलं न्हाईत त्यांचं." मग त्या नवऱ्याकडं वळल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "माझी लेक तिकडं पोटुशी. तिच्या दारात आमी गाडीतनं उतरणार, आन तुमी हितं उंदरीचं बाळंतपण काढून बसला! चोरापासनं जपली म्हणं. चोरानं नेली असती तर निदान चार गावं तरी बघितली असती तिनं."

अण्णांनी काढलेल्या खोळीची घडी घातली.

अर्जुनाने आपली मोटारसायकल पुढं काढली. कऱ्हाडची एसटी गाठून देतो म्हणाला. चंपाबाई पिशव्या घेऊन मागे बसल्या.

"चला की तुमीबी. अर्जुना दुसरी खेप करंल. बंद गाडी कोण नेतंय?"

"चाकं नेतील की," अण्णा म्हणाले. "बॉनेट उघडं हाय, साखळी सोडल्याली. तू हो म्होरं."

चंपाबाईंनी जरीच्या पदराने डोळे पुसले आणि तोंड फिरवलं. मोटारसायकल गल्लीबाहेर गेली. अण्णांनी गाडीपाशी खुर्ची टाकली.

दुपारी कोयनानगरहून व्हिडिओ कॉल आला. फुलांच्या दागिन्यांनी मढलेली ब्राह्मी पाटावर बसली होती. चंपाबाईंचा राग आता बायकांत बसून थट्टेवर आला होता. त्या विहिणीला मोठ्याने सांगत होत्या, "आमच्याकडंबी बाळंतीण हाय. तिच्यापाशी कुणीतरी बसाया पायजे. म्हणून ह्ये ऱ्हायलं." बायका खो खो हसल्या. अण्णाही हसले.

ब्राह्मी मात्र हसली नाही. तिने फोन जवळ घेतला आणि विचारलं, "गाडी बरी हाय न्हवं, अण्णा?"

एवढंच. गाडी आल्यापासून तिचा प्रत्येक फोन याच वाक्याने सुरू व्हायचा, आणि अण्णांना त्याचं कौतुक वाटायचं. लेकीला जाण आहे, असं ते गल्लीत सांगायचे. आज पाटावर बसूनसुद्धा तिने तेच विचारलं, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. बापाला याशिवाय दुसरं काय विचारायचं, हे पोरीला ठाऊकच नव्हतं. सातवा महिना लागलेल्या लेकीला, जेवलीस का, हे अण्णांनी तरी कधी विचारलं होतं?

त्यांनी फोन ठेवला. पिल्लांची आई दारातून आलेलं ऊन लागून धापा टाकत होती, म्हणून बॉनेटवर गोणपाट टाकलं. मग पायात चपला सरकवून ते थेट कऱ्हाडच्या एसटीला गेले.

कऱ्हाडला पाटणची एसटी उशिरा लागली. पाटणच्या पुढं घाटात उसाची ट्रॉली आडवी झाली होती. अण्णा खिडकीतून डोंगरावरचं ऊन बघत राहिले. ते वर वर सरकत गेलं, शेंड्यावर थांबलं आणि विझलं. लेकीच्या दारात ते उतरले तेव्हा वसाहतीतले दिवे लागले होते.

"अण्णा!" ब्राह्मी पोटाला हात लावून उठली. तिच्या वेणीत फुलं अजून होती. काही न विचारता ती आत गेली आणि झाकलेलं ताट घेऊन आली. पुरणपोळी, कटाची आमटी, तिळाचा लाडू. बाप येईल अशी आशा नसतानाही तिने ते वाढून ठेवलं होतं. तिने झाकण काढलं, मग खिडकीबाहेरच्या काळोखाकडं बघितलं आणि तिचा हात थांबला. अण्णांनी उभ्या आयुष्यात सूर्य मावळल्यावर घास घेतला नव्हता. उद्या तेच ताट शिळं, म्हणजे गाईचं.

"दुपारपासनं जपून ठेवल्यालं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णा ताटाकडं बघत बसले. जपून ठेवलेल्या वस्तूचं काय होतं, हे त्यांना कुणी असं पानात वाढून दाखवलं नव्हतं.

"तू जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

ब्राह्मीने होकाराची मान हलवली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने सवयीने विचारलं, "आन गाडी? कुलूप लावून आलासा न्हवं?"

अण्णांनी आठवून बघितलं. फाटक, दार, साखळी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं.

"न्हाई," ते म्हणाले. "समदं उघडंच हाय."

चंपाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट उचलून झाकलं आणि आत नेलं.