अकरा चटके

डॉ. उत्तरा साठे अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये राहायच्या आणि ह्यूस्टनच्या एका लहान क्लिनिकमध्ये पेशंट बघायच्या. स्पॅनिश त्या पेशंटांकडूनच शिकल्या होत्या. १९८४च्या उन्हाळ्यात तिथे तोमासा आली. ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखातली, पस्तिशीची विणकर. खोकला दाखवायला आली होती. तपासताना तिच्या पाठीवर सिगारेटचे अकरा चटके दिसले.

तिकडे बंडखोरांचा उठाव फसला आणि लष्कराने गावांवर सूड उगवला. तोमासाचं गाव जाळलं. वाचलेली माणसं रानात लपली. त्यांना ती मक्याच्या भाकऱ्या पोचवायची. पकडल्यावर सैनिकांनी लपलेल्यांची नावं विचारली.

"मग?" उत्तराताईंनी विचारलं.

"सांगितली. जी आधीच मेली होती, त्यांची."

अमेरिकेत आश्रय मिळावा म्हणून तिने अर्ज केला होता. तिच्या वकिलाला डॉक्टरची साक्ष हवी होती. उत्तराताई लगेच हो म्हणाल्या. घरी नवरा, हेमचंद्र, अस्वस्थ झाला.

"आपली सिटिझनशिप पेंडिंग आहे. कशाला नसती रिस्क घेतेस?"

"अहो, मी बघितलंय ते. आता बघितलं नाही कसं म्हणू?"

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, "स्वयंपाक करताना भाजलं नसेल कशावरून?"

"पाठीवर? एकाच मापाचे अकरा गोल, ओळीने? नाही."

"तुम्ही तिथे नव्हता, डॉक्टर."

"नव्हते. तिची पाठ होती."

तोमासाने मान खाली घातली नाही. तरीही न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. छळ खरा असेल, पण तो राजकीय कारणाने झाला हे सिद्ध झालं नाही, असं त्यांनी लिहिलं. बाहेर आल्यावर तोमासाने एवढंच विचारलं, "आता अपिलासाठी कुठे सही करायची?"

अपील तीन वर्षं चाललं आणि तेही ती हरली. पण हुकूम निघूनही तिने अमेरिका सोडली नाही. अशा निर्वासितांना आसरा देणाऱ्या एका चर्चने तिला उघडपणे ठेवून घेतलं. तिथे तिने हातमाग लावला आणि दर रविवारी लोकांसमोर उभं राहून ती सगळं सांगू लागली, स्वतःच्या खऱ्या नावाने.

तिच्यामागून तिच्या मुलखातले आणखी लोक क्लिनिकमध्ये आले. उत्तराताई प्रत्येकाच्या जखमा मोजून कोर्टासाठी रिपोर्ट लिहायच्या. एके दिवशी संचालकांनी बजावलं, क्लिनिकच्या लेटरहेडवर हे चालणार नाही.

त्याच आठवड्यात हेमचंद्र स्वतः छापखान्यात जाऊन आला. नव्या लेटरहेडवर बायकोचं नाव होतं आणि खाली घरचा पत्ता.