कॅल्शियम शेवटी टाकायचं

सरनं काचेचं भांडं उचललं आणि त्यातलं पाणी माझ्या पायावर ओतलं.

पाय सुजलेले होते माझे. बीपीच्या गोळीनं सुजतात. चपलेचा पट्टा लागत नाही, म्हणून मोकळाच सोडतो. त्या पायावर, भर प्रयोगशाळेत, आठ-दहा पोट्ट्यापोट्टींसमोर, नागपूरहून आलेल्या तपासणीच्या साहेबासमोर ओतलं.

"ह्यांच्या हातात पाण्याचं काम दिलं, ही माझीच चूक," सर साहेबाले म्हणाले. "ह्यांना कुठे कळतं."

'ह्यांना' म्हणजे कोणाले, हे तिथं सगळ्यायले समजलं. दोघं-तिघं हसले. म्या फडकं आणलं. आधी फरशी पुसली, मंग पाय. हे मले आजही सलते.

मी चवथी शिकलो. यवतमाळच्या बाहेर एका औषधाच्या कॉलेजात तीस वर्सं शिपाई होतो. शिपायाले तिथं सगळे मामा म्हणतात. निवृत्त झालो तरी सरनं परत बोलावून घेतलं. बोरी अरबहून रोज एसटीनं यायचो. कारण एकच, ते पाणी माझ्याशिवाय कोणाले जमत नव्हतं.

ते पाणी म्हणजे काय ते सांगतो. उंदराच्या पोटातली एक बारीक नळी काढतात आणि कोमट खारट पाण्यात टांगतात. पाणी बरोबर असलं की नळी चार-पाच घंटे जिती राहते. तिच्यात मज्जातंतू असतो. त्याले विजेचा झटका दिला की त्याच्या टोकातून रस सुटतो, नळी आकसते, आणि पडद्यावरची रेघ वर जाते. पण तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरलं तरच रस सुटतो. पाण्यात कॅल्शियम नसन तर तंतू मुका.

सर यावरच बीपीची एक नवी गोळी तपासून राह्यले होते. मी खातो ती बीपीची गोळी रक्तनळीच्या भिंतीतलं कॅल्शियमचं दार लावते. नळी सैल पडते, प्रेशर उतरते. पण तंतूचं दार उघडंच राहते. अंग घाबरते, तंतू जास्तीच रस सोडतो आणि छाती धडधडते. नवी गोळी तंतूचंही दार लावते, रसच कमी सुटतो, पायही कमी सुजतात, असं सर वर्गात सांगायचे. मी भांडे धुता धुता ऐकायचो. ऐकीन नाही तं काय. पाय माझे होते.

पाणी करायची एक रीत आहे. सगळे क्षार विरघळवायचे, मंग गॅस सोडायचा, बुडबुडे चांगले चालू द्यायचे, आणि कॅल्शियम सर्व्यात शेवटी टाकायचं. आधी टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होते. ते फेकूनच द्या लागते.

त्या दिवशी सकाळी संशोधन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मामा, आज पाणी मी करते. साहेब विचारतील तर सांगता आलं पाहिजे." मॅडम म्हणजे संस्थाचालकाची पुतणी. पोरगी वाईट नाही. पण तिनं कॅल्शियम आधी टाकलं. पाणी पांढरं झालं. तिनं ते गाळून घेतलं. दिसायले नितळ झालं, पण कॅल्शियम सारं गाळणीच्या कागदावर राह्यलं. कागद म्या बेसिनमध्ये पाह्यला तोवर प्रयोग चालू झाला होता.

साहेबासमोर झटका दिला. रेघ हालली नाही. अजून गोळी टाकलीच नव्हती, तरी तंतू मुका. साहेबानं भुवई वर केली. मॅडमनं खाली पाह्यलं. सरनं माझ्याकडं पाह्यलं, आणि उरलेलं पाणी माझ्या पायावर आलं.

फरशी पुसून झाल्यावर म्या बाटलीतलं कॅल्शियम घेतलं आणि त्या नळीच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं. कोणाले विचारलं नाही. थोडं थांबलो. म्हटलं, "आता द्या झटका."

रेघ सरळ वर गेली.

मले वाटलं, सुटलो. सर म्हणाले, "पाहिलंत साहेब? काय राहिलं होतं ते ह्याला बरोबर माहीत. म्हणजे ह्यानंच राहू दिलं."

जे येत होतं तेच माझ्या गळ्यात बांधलं. येत नसतं तं अडाणी, आलं तं चोर.

साहेब गेल्यावर सरनं कोरा कागद समोर ठेवला. "लिही. पाणी मी केलं, कॅल्शियम टाकायचं राहिलं. खाली सही कर."

अशा सह्या म्या आधी केल्या होत्या. कोणाच्या हातून काचेचं भांडं फुटलं, सही माझी. सुटीत पोट्टे दाणापाणी विसरले आन् उंदीर मेले, सही माझी. दर वेळी म्हटलं, जाऊ द्या, लेकरं आहेत.

मॅडम मांगून आल्या. हळूच म्हणाल्या, "मामा, लिहून द्या ना. माझं सगळं अडकेल. तुमचं काय जाणार आहे?"

म्या तिच्याकडं पाह्यलं. तिले खरंच वाटत होतं, की माझं जायसारखं काहीच नाही. सरच्या पाण्यानं नाही झालं ते त्या एका वाक्यानं झालं. माझ्या बापानं बौद्ध झाल्यावर गावचं मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. दुसरं काम हाती नसताना सोडलं. लोकायनं त्यालेही हेच विचारलं असन.

"काही जात नाही तं तुम्हीच लिहा ना, पोरी," मी म्हटलं.

ती रडली. मले वाईट वाटलं. तरी म्या सरचा पेन घेतला आणि लिहिलं. अक्षर वाकडं, पण माझं. 'आज पाणी मी केलं नाही. मॅडमनं केलं. कॅल्शियम आधी टाकलं. सरनं माझ्या पायावर पाणी ओतलं.' खाली सही केली.

सरनं वाचून कागद परत फेकला. "उद्यापासून येऊ नकोस."

तो कागद उचलून मी दुसऱ्या दिवशी गेलोच, अजूनही रोज जातो. आत घेत नाहीत म्हणून आवक-जावकच्या खिडकीपाशी उभा राहतो. तिथला बाबू माझा तो कागद घेत नाही. म्हणतो, "मामा, घरी जा, तब्येत पाहा." घरी बायको म्हणते, "कायले जाता? पाय पाहा तुमचे." गोळी तीच चालू आहे. सोडली तं प्रेशर चढते, घेतली तं पाय सुजतात. खिडकीपाशी उभं राह्यलो की अजूनच सुजतात.

सुजू द्या. नोकरी मागायले मी जात नाही, दिली तरी करणार नाही. बाबूले रोज एकच सांगतो, "कागद घे, शिक्का मार, पोच दे. तोवर या खिडकीपासून मी हालत नाही."