पाहुण्यांना मळून दिलेली बडीशेप

माझ्या मुलीची सोयरीक बडीशेपेनं मोडता मोडता राहिली.

पलटणीत लागलेली तंबाखू पेन्शन आली तरी सुटेना. शेवटी बायकोनंच निकाल लावला. माझ्या दोन तोंडांच्या डबीतली तंबाखू चुलीत गेली, तिथं भाजलेली बडीशेप आली. दुसऱ्या तोंडातला चुना मात्र ती विसरली. (मी काढून टाकायला हवा होता, पण आळस!)

त्या रविवारी विट्याचे पाहुणे स्वातीला बघायला आमच्या रहिमतपूरला आले. मुलाचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान, मुलगा चांगला, आणि फोटोवरनंच पोरीच्याही मनात भरलेला.

"आज नीट वागा," बायकोनं बजावलं.

पोहे झाले. बायका आत गेल्या, मुलगा-मुलगी गच्चीवर. बाहेरच्या सोप्यात उरलो मी आणि मुलाचे वडील. ऊस झाला, पाऊस झाला, बोलणं संपलं! दोघंही पंख्याकडं बघत बसलो.

"तंबाखू हाय का?" पाहुण्यांनी हळूच विचारलं.

"सोडली की! बडीशेप हाय."

"द्या, तीच द्या."

डबी उघडली आणि हात आपसूक चालायला लागले. तळव्यावर बडीशेप, नखानं चुना, अंगठ्यानं मळली, वर दोन थापा! चिमूटभर त्यांना, चिमूटभर मला. दोघांनीही ती झोकात ओठाखाली धरली.

"आयाई गं!" पाहुणे कोकलले.

मला बोलताच येईना, माझाही ओठ पेटला होता! दोघं नळाकडं पळालो. बायका बाहेर धावल्या, गच्चीवरची दोघंही खाली आली.

"तंबाखू खाल्ली व्हय?" मुलाची आई कडाडली.

"न्हाई गं! बशीप... बशीप!" पाहुणे सुजल्या ओठानं म्हणाले.

गेलं स्थळ! पोरीला काय तोंड दाखवू?

पाहुण्यांनी चूळ भरली आणि ते एकदम हसायलाच लागले. "खरं सांगू? मीबी म्हैना झाला सोडून, हिच्या भ्यानं. आन् आत्ताबी तलफ तंबाखूची नव्हती ओ. नवख्या माणसाम्होरं बसलं, की हाताला कायतरी काम लागतं बगा!"

अहो, माझंही अगदी तेच! बोलायला सुचेना की हात डबीकडं, आणि इतकी वर्षं नाव मात्र तंबाखूचं.

संध्याकाळी त्यांचा होकार आला, स्वातीही हो म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

"एवढा तमाशा बघून हो कशी म्हणालीस गं?" मी तिला विचारलं.

"म्हणून तर म्हणाले! जिथं सासरा बायकोला एवढा भितो, तिथं मला कसलं भ्याव? अगदी आपलंच घर वाटलं, पप्पा!"

मी चिडून काहीतरी बोलणार होतो. पण तिची आई समोरच उभी होती.