एकही गोळी न झाडलेला फौजी

आबांनी लढाईत एकही गोळी झाडली नाही.

आज सकाळी ते गेले. घाटावरून परत आलो, आंघोळ झाली. घरात कुणी बोलत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. गंगेपलीकडच्या एका गावात पोलीस चौकीवर शिपाई होते.

बालाजी घाटाजवळची आमची मराठी गल्ली म्हणजे वेदपाठी, भिक्षुक, फार तर मास्तर. त्यात खाकीवाले हे एकटेच.

गावात त्यांना 'दक्खिनी दीवानजी' म्हणायचे. इकडे पोलिसाला मान द्यायचा तर दीवानजी. भोजपुरी इतकी फर्राटेदार की लोक विचारायचे, खरंच मराठी आहात का? त्या गावातल्या हलवायाकडची लौंगलता मी अजून कुठेच... सॉरी, भरकटलो.

पोलिसात यायच्या आधी आबा फौजेत होते. मिलिटरी पोलीस. लाल टोपी, पांढरा पट्टा. काही वर्षं करून परत आले आणि खाकी घातली.

मग एकाहत्तरची लढाई लागली. जुन्या फौजींना परत बोलावणं आलं. आबा चौकीवरून थेट गेले.

लढाई संपली, आबा घरी आले. आणि अण्णाआजोबा सुरू झाले.

अण्णाआजोबा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. मोठे वेदमूर्ती, अख्खी गल्ली त्यांना वचकून.

"हा कुठला फौजी? चौकात हात दाखवत उभा होता. पोलीस म्हणून गेला, पोलीसच परत आला."

बाहेरच्या कुणी विचारलं तरी तेच. "धाकटा पोलिसात आहे." फौजेचं नाव काढायचे नाहीत.

आबा एकदाच मला म्हणाले, "अण्णानं एकदा फौजी म्हणावं रे. बस."

खरं काय झालं ते मी मागच्या वर्षी ऐकलं. मुन्शी घाटावर चहा पीत बसलो होतो. मी नुकताच स्पीतीहून आलो होतो. बाइक तिथेच बंद पडलेली, ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून... असो.

"आबा, लढाईत तुम्ही नक्की केलं काय?"

"कैदी पोचवले."

लढाई नुकतीच थांबली होती. पकडलेल्या सैनिकांना छावणीत नेणारी गाडी बिहारमधून चालली होती. आबा पहाऱ्यावर. पाण्यासाठी गाडी एका बारक्या स्टेशनात थांबली.

आत कोण आहे ते बाहेर कळलं. प्लॅटफॉर्म भरला. लोकांच्या हातात रुळांमधले दगड.

डब्यात जखमी माणसं, पाणी पाणी करत होती. आणि नळ गर्दीच्या पलीकडे.

पहाऱ्यावरच्यांनी बंदुका सावरल्या. "गोळी सुटली असती तर आपलीच माणसं मेली असती," आबा म्हणाले. "आणि दगड सुटले असते तर कैदी. ते तर आमच्या भरवशावर होते."

आबांनी बंदूक जोडीदाराकडे दिली. एक दोरी उचलली आणि खाली उतरले.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. मग म्हटलं, ही तर मेल्याची भीड आहे. ती तर दर साली सांभाळतो."

गावच्या मेल्यात, म्हणजे जत्रेच्या गर्दीत, पोलीस एकटा आणि माणसं ही एवढी. तिथं आबांचा एक कायदा होता. सगळ्यात जास्त दंगा करणारा शोधायचा आणि बंदोबस्त त्याच्याच हातात द्यायचा.

इथं सगळ्यात पुढे एक पहिलवान होता. तोंडात शिवी, हातात दगड. आबा सरळ त्याच्याकडे गेले.

"का हो पहलवान, हियाँ सब आप ही की सुनते हैं?"

"सुनते हैं, तो?"

"तो ई रस्सी पकड़िए। भीड़ हमसे ना सँभली।"

तो बघतच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "ले ले भइया, आज दरोगा बन जा!" लोक हसले.

दोरी ताणून धरायची तर दोन्ही हात लागतात. दगड खाली ठेवावाच लागतो.

त्यानं ठेवला.

मग त्यानंच गर्दी मागे रेटली. "पीछे हटो! दिखता नहीं, सरकारी काम चल रहा है?"

आबा बादल्या भरून डब्यात देत राहिले. शेवटची बादली पहिलवानानं स्वतः चढवली. आत डोकावला, पट्ट्या बांधलेली माणसं बघितली, आणि निघून गेला.

गाडी सुटली. सगळे कैदी जिवंत पोचले.

"साहेबांनी शाबासकी दिली असेल ना?"

"हो तर! म्हणाले, इतना लेट कैसे हुआ?" आणि आबा खोकला येईपर्यंत हसले.

"अण्णाआजोबांना का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारलं कधी?"

मग मीच जाऊन सांगितलं. अण्णाआजोबांनी सगळं ऐकून घेतलं, हं म्हणाले आणि संध्येला उठले. मला वाटलं, गेलं वाया.

आज नव्वदीच्या अण्णाआजोबांना सगळे म्हणत होते, पायऱ्या आहेत, येऊ नका. ऐकले नाहीत. माझा हात धरून उतरले.

घाटावर एका नाववाल्यानं अण्णाआजोबांना विचारलं, "बाबा, के रहलन?" म्हणजे, कोण होते?

"छोटा भाई है हमारा," अण्णाआजोबा म्हणाले. "फौजी है।"

मी खाली बघितलं. माझे डोळे भरले होते.

त्या बिचाऱ्यानं पुढे काही विचारलंच नव्हतं. तरी अण्णाआजोबांनी त्याला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले. ते स्टेशन, ती गर्दी, ते पाणी. बाबा म्हणाले, "अण्णा, गुरुजी थांबलेत."

"थांबू दे. माझ्या भावाचं सांगतोय."

अण्णाआजोबांच्या गोष्टीत चार पहिलवान होते. मी दुरुस्त केलं नाही.

आबा, तुमच्या अण्णांनी म्हटलं. भर घाटावर, मोठ्यानं म्हटलं.

या आता. आपल्या घरातल्या फौजीला माझा शेवटचा नमस्कार.