मोठ्या आईचा जपानी खेळ

बाबांच्या थोरल्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. छत्तीसगड राज्य नवंनवं झालं होतं, त्या काळात मोठ्या बाबांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यातली नोकरी मुदतीआधी सोडली आणि जवळच मरोद्यात व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. आयुष्यभर त्यांनी क्रेन चालवलेली. उंच केबिनमध्ये बसून दोन्ही हातांनी लिव्हर ओढायची आणि खाली लोखंड हलवायचं. रिमोट धरून टीव्हीसमोर बसलेली पोरं पाहून त्यांना आपलंच काम आठवत असावं. घरात त्यांनी एवढंच सांगितलं, "पोरं आहेत तोवर खेळ आहे. हा धंदा बुडत नाई."

रायपूरच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना चार मशिनी दिल्या. जपानी कंपनीच्या होत्या. चित्र इतकं स्वच्छ, की त्यात पाणी दाखवलं तर पाय ओले होतील असं वाटायचं. याहून चांगली मशीन बाजारात नाही, असं व्यापारी म्हणाला होता आणि ते खरंच होतं. पण ती फारशी खपली नाही म्हणून कंपनीनं बनवणंच थांबवलं होतं, हे तो बोलला नाही. त्याला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. आम्हाला कळलं तोवर पार्लरचा बोर्ड उन्हानं फिका पडायला लागला होता.

पोरं यायची, चपला बाहेर काढायची आणि विचारायची, "अंकल, वो कुश्तीवाला गेम लगाओ ना."

"वो इसमें नहीं आता, बेटा. ये देखो, रेस वाला है. बहुत बढ़िया है."

पोरं थोडा वेळ रेस खेळायची, चित्राचं कौतुक करायची आणि मग फाटकाजवळच्या दुसऱ्या पार्लरमध्ये निघून जायची. तिथल्या मशिनी जुन्या होत्या, चित्र खरबरीत होतं, पण गेम सगळे होते. आणि सगळे मित्र तिथंच होते.

मोठे बाबा मग दुपारचे नव्या डिस्का शोधायला कधी दुर्गला, कधी रायपूरला जायला लागले. पार्लर सांभाळायला मोठी आई बसायची. ती साड्यांना फॉल लावायचं काम घेऊन यायची. मी आणि तिची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, एकाच वर्गात होतो. शाळा सुटली की आम्ही दोघी थेट तिथंच जायचो, कारण पंखा होता आणि गिऱ्हाईक नव्हतं.

पावसाळ्यात मोठ्या बाबांनी बजावलं होतं, की मशिनी नुसत्या ठेवल्या तर त्यांना ओल धरते, रोज थोडा वेळ चालवत जा. मोठी आई आज्ञाधारकपणे एक मशीन लावायची. डिस्कांच्या ढिगातून तिनं एक अशी डिस्क काढली, जी कुणीच लावत नव्हतं. ती पूर्ण जपानी भाषेत होती. पोरांना त्यातलं अक्षर कळत नसे आणि मारामारीही फारशी नव्हती. लाल ओढणी घेतलेली एक मुलगी एका खेड्यातून चालत राहायची, लोकांना भेटायची, आणि लोक तिच्याशी खूप बोलायचे. ते बोलणं खाली चौकटीत लिहून यायचं.

मोठी आई सुई धरून बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, ह्या तर धानाच्या बांध्या होत!"

खरंच धानाची शेतं होती. मोठी आई तुमसरकडची. तिच्या माहेरी अशाच पाणी साचलेल्या बांध्यांमध्ये भाताची रोवणी चालते. तिनं फॉलची साडी बाजूला ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा रिमोट हातात घेतला.

"पण मोठी आई, काय लिहिलंय ते कसं कळेल?" मी विचारलं.

"तोंडाकडं पाह्य ना त्याच्या. लग्न होऊन भिलाईले आली तवा बाजूले तेलुगू, समोर मलयाळी, मांगं पंजाबी. मले हिंदीबी धड येत नव्हती. तरी कोणाच्या घरी काय चाललं ते समजतच होतं का नाई?"

त्या दिवसापासून ती आम्हाला तो खेळ वाचून दाखवायला लागली. चौकट आली की आवाज बदलून त्या माणसाचं बोलणं बोलायची. तिच्या गोष्टीत त्या मुलीचा भाऊ कामाला म्हणून गावाबाहेर पडला होता आणि परत आला नव्हता. ती त्याला शोधत होती. नदीकाठी नाव बांधून बसलेला म्हातारा तिचा रुसलेला मामा होता. गिरणीवाली बाई चुगलखोर होती, पण मनानं चांगली. आम्ही दोघी जमिनीवर पाय पसरून ऐकायचो. मोठी आई शब्दांत कधी अडली नाही. अक्षरांची रूपं मात्र ती ओळखायला लागली. एका अक्षराला ती झाडू म्हणायची आणि दुसऱ्याला पाळणा. झाडू म्हणजे हो आणि पाळणा म्हणजे नाही, हे तिनं चुकत चुकत शोधून काढलं होतं.

एकदा मामानं अचानक वल्हं उचलून मुलीवर फेकलं. आम्ही दोघी ओरडलो. काल तर तो तिला मासे देणार होता!

"कावून मारलं त्यानं?" बहिणीनं विचारलं.

मोठ्या आईनं मशीन बंद केली. "उद्या सांगीन. आज माह्या डोक्यातबी नाई."

दुसऱ्या दिवशी ती कारण घेऊनच आली. मामाच्या घरी चोरी झाली होती, आणि पाठमोऱ्या मुलीला तो चोर समजला. आम्हाला ते पटलं. आता विचार करते, तर पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना ती त्या म्हाताऱ्याच्या रागाचं कारण शोधत असणार.

पुढं एक दरवाजा लागला. दरवाजात एक म्हातारी बसलेली. ती काहीतरी विचारायची आणि खाली उत्तरांच्या ओळी यायच्या. चुकीची ओळ निवडली की मुलगी परत गावात. आम्ही सगळ्या ओळी करून पाहिल्या, उलटसुलट केल्या, पण दरवाजा उघडला नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी तो बंदच होता.

मग पार्लरच बंद झालं. मोठ्या बाबांनी एक मशीन घरी आणली, बाकीच्या काढून टाकल्या. जुन्या ओळखीनं त्यांना कारखान्यातल्या एका ठेकेदाराकडं काम मिळालं. पार्लरबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. कोणी विषय काढलाच तर म्हणायचे, "मले मूर्ख बनवलं त्या रायपूरवाल्यानं. खराब माल गळ्यात बांधला." घरी आणलेली मशीनही लवकरच बंद पडली. भाऊ सापडला का, असं आम्ही मोठ्या आईला खूप दिवस विचारत होतो. ती म्हणायची, दार उघडल्याशिवाय मी कशी सांगू?

वर्षं गेली. मी दुर्गला शाळेत शिकवते, तिथंच मोहन नगरात राहते. बहीण बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या दिवाळीत ती आली ती लॅपटॉप आणि एक रिमोट घेऊन, आणि आल्या आल्या मला फोन केला, "तू आत्ताच्या आत्ता मरोद्याला ये."

झालं होतं असं. त्या मशीनला जीव लावणारे लोक जगभर आहेत, हे तिला इंटरनेटवर कळलं होतं. कंपनीनं सोडून दिली तरी त्यांनी सोडली नव्हती. ते त्या मशीनचे जुने गेम लॅपटॉपवर चालवतात, बिघडलेल्या मशिनी दुरुस्त करतात, आणि कधीच भाषांतर न झालेल्या गेमचं आपापल्या वेळात भाषांतर करतात. त्यात आमचा खेळही होता. बहिणीनं अजून तो उघडला नव्हता.

बहिणीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. मोठी आई आता सत्तरीची आहे. तिनं चष्मा पुसला आणि रिमोट घेतला. लाल ओढणीवाली मुलगी चालायला लागली. पहिली चौकट आली आणि बहीण इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायला लागली. थोडं वाचून ती थांबली.

"काय झालं? वाच ना," मोठी आई म्हणाली.

"आई, तिचा भाऊ-बिऊ कोणी नाही. तिथं धरण होणार आहे. ती सरकारकडून आली आहे. गाव खाली करा, हे घरोघरी सांगायचं तिचं काम आहे."

मला वाटलं, हे आणायलाच नको होतं. इतक्या वर्षांची आमची गोष्ट आम्हीच तिच्यासमोर मोडून ठेवली.

मोठी आई टीव्हीकडं पाहत होती. "म्हणून त्यानं वल्हं मारलं," ती हळूच म्हणाली. "हाव. आता समजलं. मी रातभर कारण शोधून राहिली होती."

मग ती तिच्या मावशीच्या गावाबद्दल बोलली. ते गाव धरणात गेलं, हे आम्हाला माहीत होतं. पण तिथंही एक तरुण मुलगी फाइल घेऊन यायची, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. "उन्हात यायची. लोकं तिच्या तोंडावर दार लावत. ती कुठून आली, जेवली का नाई, कोणी इचारलं नाई. लोकाइचंबी खरं होतं ना. त्याइचं घर जाऊन राहिलं होतं."

चार दिवस ती रोज दुपारी खेळली. या वेळी ती प्रत्येक घरी दोनदोनदा गेली, जिथं गरज नव्हती तिथंही. आम्ही त्या दरवाजाशी पोचलो. म्हातारीची चौकट आली आणि बहीण वाचता वाचता हसायला लागली. प्रश्न इतकाच होता, की नदीकाठच्या घरात कोण राहतं? गिरणीमागच्या घरात कोण राहतं? ज्यांना तू उठवायला निघालीस, त्यांची नावं तरी तुला ठाऊक आहेत का?

"हे तर मले माहीत होतं!" मोठी आई ओरडली. "नदीवर मामा, गिरणीमांगं ती चुगलखोर! फक्त मले वाचता नाई आलं."

दार उघडलं. पुढं पाणी चढत गेलं, गाव रिकामं झालं. नदीकाठचा म्हातारा गेला नाही. पाणी अंगणात आलं तेव्हा त्यानं नाव सोडली आणि तीत बसून राहिला. मुलगी धरणाच्या भिंतीवरून पाहत होती. तिथं खेळ संपला. मोठ्या आईनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, की बनवणाऱ्यानं चांगलं बनवलं, पण माझ्या गोष्टीत मी त्याला भाच्याच्या घरी नेलं असतं.

मोठे बाबा इतके दिवस पलंगावर पडून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "हे लोकं, जगभरातले, ह्याच मशीनवर मेहनत करतात? आपल्यावाल्या?"

"हो बाबा. ते म्हणतात, आपल्या काळाच्या पुढची होती."

"म्हणजे खराब नव्हती."

"अजिबात नव्हती."

ते उठून बसले. "मग चालली कावून नाई?"

बहिणीनं सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कंपनीची मशीन येणार म्हणून लोक थांबले, गेम बनवणारे तिकडं वळले, आणि मित्रांकडं जे असतं तेच प्रत्येकाला हवं असतं. मोठे बाबा मान हलवत राहिले. त्यांना ते पुरं पटलं असं वाटलं नाही. दुकान तर बुडालंच होतं. त्यात पैसा गेला, ठेकेदाराकडं उन्हात उभं राहावं लागलं, ते काही कुणी परत देणार नव्हतं.

बहीण बेंगळुरूला गेल्यावर पुढच्या रविवारी मी मरोद्याला गेले. ओट्यावर मोठे बाबा आणि शेजारचे तेलुगू काका बसले होते. दोघं कारखान्यातही बरोबर होते. मी आत जात होते तेवढ्यात मोठे बाबा म्हणाले, "मेरी गेम की दुकान थी, आपको याद है क्या?"

"थी तो सही. आपने कभी बताया नहीं, कैसी थी."

"मशीन इतनी बढ़िया थी, क्या बताऊँ," मोठे बाबा म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून सांगायला लागले. मी आत जाऊन दोघांसाठी चहा ठेवला.