मामांची तांबडी रेघ

देवानं सृष्टी घडवली तेव्हा आमचे मामेसासरे तिथं हजर नव्हते, म्हणूनच ती पुरी झाली. ते असते तर सूर्य एका बाजूनं किंचित बसका आहे असा शेरा मारून त्यांनी तो परत पाठवला असता आणि आपण सगळे अजून अंधारात चाचपडत असतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात त्यांनी उभी हयात इन्स्पेक्टरचं काम केलं. दुसऱ्यानं घडवलेला भाग हातात घ्यायचा, गेज लावून बघायचा, आणि केसभर फरक निघाला की त्यावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढून बाजूला ठेवायचा. स्वतः त्यांनी आयुष्यात एक खिळासुद्धा घडवला नाही, पण खिळा कसा नसावा हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरीतून ते निवृत्त झाले, तो तांबडा रंग मात्र काही निवृत्त झाला नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून मला बघायला हेच आले होते. चहा पिता पिता त्यांनी मला दोनदा उठवलं, एकदा पाण्यासाठी आणि एकदा पंखा कमी करायला, आणि घरी जाऊन सांगितलं, "मुलगा ठीक आहे. डावा खांदा जरा खाली आहे." तेव्हापासून माझी बायको फोटो काढताना मला डावीकडून झाकून उभी राहते. मामींच्या पोळीच्या कडेवरून ते बोट फिरवतात आणि "इथं जाड आहे" म्हणतात. मामी म्हणतात, "मग मधली खा." एकदा मामींबरोबर पडद्याचं कापड घ्यायला बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेले, तर खिशातून पोलादी टेप काढून भर दुकानात ताग्याची रुंदी जागोजागी मोजायला लागले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाबूजी, परदा है, तोप थोड़ी है।" मामा म्हणाले, "इसीलिए तो परदा बेच रहे हो।" कापड अर्थातच घेतलं नाही. खिडक्यांना अजून जुन्या चादरी लटकून आहेत.

असला माणूस चोवीस तास घरात बसल्यावर मामींचं काय झालं असेल, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. मी जबलपूरलाच, राइट टाउनमध्ये, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. एक दिवस मामी आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, यांच्या हाताला काहीतरी काम द्या हो. नाहीतर मी मझौलीला बहिणीकडे जाऊन राहते." मला दया आली. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्या टेबलावर मांडला, त्यात एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर घातलं, आणि शिकवायला म्हणून त्यांच्या समोर चार ओळी टाइप केल्या. तिसऱ्या ओळीत एका शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटली. मामा खुर्चीतून अर्धे उठले.

"हे कुणी केलं?"

"लिंटर आहे तो, मामा. आपण लिहीत असताना चुका दाखवत राहतो."

"स्वतः काही लिहितो?"

"छे. फक्त चुका दाखवतो."

मामांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "म्हणजे इन्स्पेक्शन सेक्शन आहे म्हणा ना," ते हळूच म्हणाले. प्रोग्राम कसा लिहितात हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि आजतागायत विचारलेलं नाही. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की हा लिंटर आणखी कडक कसा करायचा.

मग जे सुरू झालं त्याला नमनाला घडाभर तेल म्हणणं म्हणजे तेलाचा अपमान आहे. लिंटरमध्ये शेकडो नियम असतात. आम्ही पोटार्थी माणसं त्यातले मोजके चालू ठेवतो आणि कामाला लागतो. मामांनी सगळे चालू केले. ओळ लांब नको, नाव आखूड नको, ओळीच्या शेवटी मोकळी जागा नको, एकच गोष्ट दोनदा नको. जिथं लिंटर नम्रपणे 'जरा बघा' असं सुचवायचा, तिथं त्यांनी सेटिंग बदलून 'नामंजूर' करून टाकलं. एका लिंटरनं भागेना, म्हणून दुसरा बसवला. दोघांचं आपसात पटेना. एक म्हणे इथं स्वल्पविराम पाहिजे, दुसरा म्हणे खबरदार. महिनाभर मामा त्या दोघांची खातेनिहाय चौकशी करत बसले होते आणि जेवताना मामींना त्यातली प्रगती सांगायचे. शिवाय एडिटरच्या आत लँग्वेज सर्व्हर नावाचा आणखी एक प्रकार असतो. प्रोग्राममधलं कुठलं नाव पहिल्यांदा कुठं आलं, त्याचा अर्थ काय, हे तो मागे बसून सांगतो. मामांनी त्याचं नाव 'बाबू' ठेवलं. त्या जुन्या लॅपटॉपला बाबूचा पगार परवडत नव्हता. बाबू चालू झाला की पंखा असा घोंघावायचा, की मामी आतून ओरडायच्या, "कोण मिक्सर लावून राहिलं?" आणि माझी ऑफिसची मीटिंग ऐन रंगात असताना फोन यायचा, "जावईबापू, बाबू उठून नाही राहिला." माझ्या साहेबांना वाटायचं माझ्या घरी कुणीतरी आजारी आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

शेवटी एकदा मी चिडून विचारलं, "मामा, इतके महिने झाले. लिहिलंत काय?" त्यांनी अभिमानानं एक फाइल उघडली. खाली हिरवी खूण, शून्य चुका. फाइल कोरी होती.

"अहो, पण यात काहीच नाही!"

"म्हणून तर," मामा म्हणाले. उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत, पण उंटाचीही तपासणी करून तो परत पाठवणारा शहाणा हाच एक.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांना मुलगा आहे. समीर. हैदराबादला असतो, माझ्यासारखाच प्रोग्राम लिहितो, आणि बापाशी बोलत नाही. भांडण म्हणावं असं काही नाही. लहानपणी त्यानं घरी पतंग केला, तर बापानं कामटीचा तोल सुतळीवर तपासला आणि डावीकडे जड आहे म्हणून उडवू दिला नाही. निबंध लिहिला तर शाळेत जाण्याआधीच त्यावर तांबडी पेन्सिल. असं सतरा-अठरा वर्षं चाललं आणि मग पोरगं हैदराबादला निघून गेलं. दर रविवारी फोन येतो तो आईला. मामा शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसतात आणि पान उलटायचं विसरतात. मामींनी फोन पुढे केलाच, तर "बरा आहेस? हं. घे, आईशी बोल," एवढ्यात संवाद आटोपतो. मामी मला एकदा म्हणाल्या, "काहून शिकून राहिले वाटतं हे कॉम्प्युटर? पोराशी बोलायला एक विषय पाहिजे म्हणून." मी म्हटलं, विषय शोधायला हा माणूस फारच लांबच्या रस्त्यानं निघाला आहे.

मागच्या पावसाळ्यात समीरनं आईसाठी एक छोटा प्रोग्राम केला. मामींच्या गोळ्या चुकायच्या. आता फोन वेळेवर समीरच्या आवाजात बोलतो, "आई, बीपीची गोळी. पाणी घेऊन." मामी त्या आवाजाला "हो रे बाबा" असं उत्तरही देतात. एका रविवारी मामांनी स्वतःहून फोन मागितला आणि घसा साफ करून म्हणाले, "आईच्या फोनवर बसवलंस ते... मला आतून पाहायला मिळेल का?" तिकडून पोरगं म्हणालं, "पाठवतो, बाबा." लगेच पाठवला. दिवाळीचं तिकीटही काढलं असल्याचं त्यानं मला कळवलं. त्याच्या आदल्या दिवाळीला तो आला नव्हता. मामी इतक्या खूश, की त्यांनी करंज्यांसाठी खोबरं आत्ताच आणू का, असं मला विचारलं.

आणि मामांनी तो प्रोग्राम आपल्या एडिटरमध्ये उघडला. वरपासून खालपर्यंत पडदा तांबडालाल झाला. सरळ उभी राहिली अशी एक ओळ नव्हती. दुसरा कुणी असता तर लॅपटॉप मिटून मुलाला 'छान आहे' म्हणाला असता. या गृहस्थांनी दोन दिवस बसून, कलमवार, कारखान्यात द्यायचे तसा तपासणी अहवाल लिहिला आणि मुलाला मेल केला. शेवटचं वाक्य होतं, 'वस्तू सध्याच्या स्थितीत स्वीकारण्याजोगी नाही.' वर मला फोन करून म्हणतात, "एवढा लांब रिपोर्ट मी कुणाला दिला नाही, जावईबापू. आता तो एकेक मुद्दा घेऊन बोलेल माझ्याशी."

बोलला तो, पण माझ्याशी. "जीजाजी, सांगा त्यांना, आईला गोळ्या वेळेवर मिळून राहिल्या. मला बस तेवढंच पाहिजे होतं. मेरा हो गया. तिकीट कॅन्सल केलं मी." आवाज चिडका असता तर मला बरं वाटलं असतं. तो थकल्यासारखा होता.

मी तसाच मामांकडे गेलो आणि वयाचा, नात्याचा मुलाहिजा न ठेवता बोललो. "मामा, अहो पोरानं आईसाठी केलं होतं ते! चालतंय ना? मग?"

"आईसाठी आहे म्हणून काय चुका राहू द्यायच्या?" मामा म्हणाले, पण नेहमीची धार नव्हती. दारात मामी उभ्या होत्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "घरात पोराचा आवाज तेवढाच येतो," त्या म्हणाल्या, "तोही तुम्ही रिजेक्ट केला." आणि आत जाऊन त्यांनी पीठ मळायला घेतलं.

त्या रविवारी फोन आला नाही, पुढच्याही नाही. फक्त दुपारी आतल्या खोलीतून "आई, बीपीची गोळी" ऐकू यायचं, आणि मामा पेपर खाली करून ते संपेपर्यंत ऐकत बसायचे.

मग एका दुपारी मामींनी मला बोलावलं. "या जरा. हे सकाळपासून काहीतरी करून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत." मी गेलो. मामांच्या पडद्यावर समीरचा प्रोग्राम होता आणि शेजारी त्यांच्या नियमांची लांबलचक यादी. मला वाटलं, आता पुरवणी अहवाल. तर ते वर न बघता म्हणाले, "ओळ लांब आहे, पण वाचता येते, नाही का?" आणि त्यांनी तो नियम बंद केला. पाचपंचवीस तांबड्या रेघा एका झटक्यात गेल्या. "नाव आखूड आहे. पण त्याला कळते ना, बस." बंद. प्रत्येक नियमापाशी ते थांबत होते, स्वतःशी वाद घालत होते, हरत होते आणि पुढे जात होते. ज्या माणसानं केसभर फरकासाठी भल्याभल्यांचं काम परत धाडलं, तो ओळीमागून ओळ सोडून देत होता. मला ते बघवेना.

"मामा, सगळा लिंटरच बंद करून टाका ना. एका बटणाचं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "तसं कसं? मग तपासल्याशिवाय पास केला असं होईल."

शेवटी एकच तांबडी रेघ उरली. एकच सूचना वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिली आहे, अशी लिंटरची तक्रार होती. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. "गोळी तर रोजच घ्यावी लागते," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा सांगावंच लागते." तोही नियम गेला. खाली हिरवी खूण आली. शून्य चुका, आणि या खेपेला फाइल भरलेली होती.

त्यांनी स्वतः फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता, तो त्यांना बंद करता आला नाही आणि मी केला नाही.

"समीर, तुझं काम मी पुन्हा तपासलं," मामा म्हणाले. "एकही चूक नाही. पास आहे."

मामी कणकेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाबा," समीर म्हणाला, "तुमचं मशीन बिघडलं असेल."

मामांनी समोरच्या हिरव्या खुणेकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी शंका तपासून न बघता मान्य केली.

"असेल," ते म्हणाले. "मला नाही कळत त्यातलं. तू आलास की पाहून दे."

"सुटी मागतो, बाबा," तिकडून उत्तर आलं. "तिकीट मिळते का पाहतो."

मी तोंड फिरवून त्या खिडकीवरच्या चादरीकडे बघत बसलो. असल्या खडूस म्हाताऱ्यापायी माझे डोळे भरून यावेत, याचा मला मनापासून राग आला होता.